आधी मी खेळून बघतो

खडेबाजारात इराण्णाच्या दुकानी
चार खेळ एका पेन ड्राइव्हात भरून घेतले.
"छलो ऐतरी, तगोरी," तो म्हणाला,
"पोरं जागची उठत नाहीत बघा."
तीच तर भीती, मी मनात म्हटलं
आणि खानापूरची बस धरली.

रेनलला सांगितलं, आधी मी खेळून बघतो.
तो तोंडावर हात ठेवून हसला.

तेर्स झाली. फिलू भांडी घासून निजली.
क्रूसाखालची मेणबत्ती चिमटीनं विझवली
आणि टेबलाशी बसलो,
कौलांच्या भट्टीवर हिशेब लिहिणारा मी,
माऊस हातात विटेसारखा धरून.

पहिल्यात शिंगं होती, जाळ होता,
कवट्यांच्या माळा.
प्रार्थनासभेतल्या बायका बघताच किंचाळल्या असत्या.
मला हसूच आलं.
असला सैतान आमच्या नाताळच्या नाटकात
दरसाल पास्कू बारदेस्कर होतो,
शेपटी सुटली की थांबून स्वतःच बांधतो.

दुसऱ्यात बंदूक.
भिंतीआडून एक माणूस आला, हात वर करून.
मी थांबलो. खेळ थांबेना.
कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते
आणि माझं बोट,
दिवसभर कौलं मोजणारं,
पवित्र पाण्यात बुडवून कपाळाला लावायचं ते बोट,
दाबून मोकळं झालं.
वर आकडा उमटला : पन्नास.
पन्नास कसले, कुणी सांगेना.
उठून पाणी प्यालो.

तिसरा शेतीचा. गोजिरा.
कोंबड्या, भोपळे, रक्ताचा थेंब नाही.
हाच घ्यावा असं ठरवत होतो
तर शेजाऱ्याच्या कुंपणाला भोक दिसलं.
रात्री आत शिरून भोपळे आणता येतात.
गुण कापत नाहीत, कुत्रंही भुंकत नाही,
सकाळी तोच शेजारी हात हलवून हसतो.
सहा आणले मी.
एक नव्हे, सहा.
शिंगवाल्यापुढे हललो नव्हतो,
भोपळ्यांपुढे मान वर होईना.

चौथ्यात एक नदी.
दोन्ही काठांना माणसं कंदील घेऊन ताटकळलेली,
आपण पूल बांधायचा.
पाट्या सगळ्या इंग्रजीत,
म्हणजे ह्या पुलावर तरी भांडण नको.
बांधला. कोसळला.
माणसं बदाबदा पाण्यात
आणि शिंकत शिंकत पुन्हा काठावर, रांगेत.
पुन्हा बांधला. पुन्हा शिंका.
रात्री एकला मी एवढ्या मोठ्यानं हसलो
की आतून फिलूनं विचारलं, बरं आहे नव्हे?

दारात रेनल उभा.
"पप्पा, अजून खेळालासा?"
मग जवळ येऊन, हळू आवाजात,
"येशू लहानपणी खेळायचा काय हो?"

काय सांगू?
बाराव्या वर्षी तो मंदिरात सापडतो,
त्यानंतरच्या अठरा वर्षांवर
लिहिणाऱ्यांनी कौल घातलंय.
पण बाप सुतार.
दुकानात लाकडाचे तुकडे पडतच असणार.
सुताराचं पोर,
आणि एकावर एक सात रचून
लांबून चेंडू मारला नसेल?
हरल्यावर रुसला असेल का, ते ठाऊक नाही.
जिंकल्यावर हसला असणार,
एवढं मी पोराला सांगितलं,
फादरना न विचारता.

मग भोपळ्यांचंही सांगितलं.
का, कोण जाणे. अंधार होता म्हणून.
तो पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला.
"मी नऊ नेलते," म्हणाला,
"ग्लेनच्या घरी."

दोघं पडद्याकडे बघत बसलो.
तिकडे काठावर एक कंदीलवाली म्हातारी
पुलाकडे बघत होती,
आमच्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

"सरका की," रेनल म्हणाला.
सरकलो.
अर्ध्या खुर्चीवर तो, अर्धीवर मी.
"उजवा खांब जरा आत घे,
भट्टीवर आम्ही असंच—"
"गप बसा, पप्पा."

म्हातारीनं पाऊल टाकलं.
पूल करकरला.
आम्ही दोघांनी श्वास धरला.